पाच पेपर, एकच चूक

डहाणूच्या सागर नाक्यावर लाहू गुरुजी रिक्षातून उतरत होते. डावा पाय रस्त्यावर आला होता, उजवा अजून आतच होता, आणि तेवढ्यात समोरच्या औषधाच्या दुकानावर लावलेल्या फ्लेक्सवर त्यांना चुरी सर दिसले. पाच वर्षांत केस पार पांढरे झालेले, पण मान तशीच किंचित डावीकडे कललेली, कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : कॉपीमुक्त परीक्षेसाठी आयुष्य वेचणारे अण्णासाहेब चुरी यांचा जाहीर सत्कार, रविवारी सकाळी अकरा वाजता. गुरुजी तसेच राहिले. मागचा माणूस उतरायला थांबला होता. "काका, धरणी हलली की तुम्हीच हललात?" रिक्षावाला म्हणाला, आणि आतले दोघं हसले. नोव्हेंबरपासून तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात दोन-चार दिवसांआड जमीन हादरत होती, त्यामुळे हा विनोद त्या दिवसांत सगळ्यांच्याच तोंडी होता. गुरुजी ओशाळले, "माफ करा हां" म्हणाले आणि उतरले. ते कुणालाही माफ करा म्हणत. बस कंडक्टरला, तलाठ्याला, दुकानात सुटे नसतील तर दुकानदाराला. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कुणाला वाकडा शब्द बोलून दाखवला नव्हता, आणि म्हणूनच की काय, न बोललेल्या सगळ्या शब्दांनी मिळून त्यांच्या छातीत एक घर बांधलं होतं. त्या घरात गेली पाच वर्षं एकच माणूस राहत होता. तो आता औषधाच्या दुकानावरून त्यांच्याकडे मान कलती करून बघत होता.

घडलं होतं ते असं. दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये वेवजीच्या एका पाड्यातली पाच मुलं दहावीला बसली. शाळेत गणिताची जागा दोन वर्षं रिकामी होती. गुरुजी खरे प्राथमिकचे, मराठी शिकवणारे, पण संध्याकाळी त्यांनी या पाचांना आपल्या घरामागच्या खळ्यावर बसवून गणित शिकवलं. जून आला, निकाल लागला, आणि या पाचांचा निकाल राखून ठेवल्याचं कळलं. मग बोर्डाचं पत्र आलं. पाचही मुलांना चौकशीला बोलावलं होतं. गुरुजीच त्यांना गाडीत बसवून घेऊन गेले, दिवसभर ऑफिसच्या आवारात बदामाच्या झाडाखाली बसून खिडकीतून दिसणारी चुरी सरांची कलती मान बघत राहिले. मुलं एकेक करून आत गेली आणि एकेक करून बाहेर आली. कुणी रडलं नाही, कुणी गुरुजींना काही सांगितलंही नाही. जमनाने, म्हणजे पाचांतल्या सर्वांत हुशार मुलीने, तेवढं पाणी मागितलं. महिन्याने निर्णय आला : सामूहिक कॉपी, संपादणूक म्हणजे मिळालेले सगळे गुण रद्द, पुढच्या परीक्षेलाही बसायचं नाही. अहवालाखाली सही होती पेपरांची फेरतपासणी करणारे नियामक अ. रा. चुरी यांची. त्यात एक ओळ होती, जी गुरुजींना तोंडपाठ होती. "पाच परीक्षार्थींनी एकच चुकीचे वाक्य शब्दशः लिहिणे हा योगायोग असण्याची शक्यता लाखात एकाहून कमी आहे." सुनिल त्यानंतर शाळेत परत गेला नाही. आज तो उंबरगावात टेम्पो चालवतो. दोघी मुलींची लग्नं झाली. चिमण कुठे वीटभट्टीवर असल्याचं ऐकिवात होतं. एकटी जमना पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाली, मग बारावी झाली, आणि आता डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात दुपारपाळी करत होती.

लाखात एक. हे दोन शब्द गुरुजींच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले. आपल्याला काही उत्तर देता येत नाही, कारण हा माणूस कुठल्या भाषेत बोलतोय तेच आपल्याला कळत नाही, ही जाणीव अन्यायापेक्षाही जास्त बोचली. मग त्यांनी ती भाषा शिकायला घेतली. सूड घ्यायचा तर त्याच्याच हत्याराने. रद्दीवाल्याकडून बी.कॉम.चं संख्याशास्त्राचं पुस्तक आणलं, डहाणूच्या वाचनालयात दर गुरुवारी जाऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसू लागले. ग्रंथपाल बाईंना वाटे, निवृत्तीला टेकलेला माणूस, वेळ जात नसेल. आकडेमोड त्यांना जड गेली. वर्गमूळ काढताना हात थांबे, आणि मनात येई, तू कोण, अक्षरं गिरवायला लावणारा मास्तर, तुला हे झेपायचं नाही. पण रागाला थकवा नसतो. सहा महिन्यांनी एका गुरुवारी त्यांना ते पान सापडलं. त्यात लिहिलेलं इतकं सरळ होतं की त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी असं धरून चालायचं की काहीच घडलेलं नाही, माणूस निर्दोष आहे. मग समोर जे दिसतंय ते निव्वळ योगायोगाने दिसण्याचा संभव किती ते मोजायचं. संभव फारच कमी निघाला, शंभरात पाचाहून कमी, की आधी धरलेलं सोडून द्यायचं आणि म्हणायचं, काहीतरी घडलंय. म्हणजे खरोखरच निर्दोष असलेली शंभर माणसं रांगेत उभी केली तर त्यांतल्या पाचेकांच्या मानेवर हात पडायचाच. पुस्तक हे लपवत नव्हतं. त्याला नावही दिलं होतं, पहिल्या प्रकारची चूक : नसलेलं दिसणं. आणि त्याच्या उलट दुसऱ्या प्रकारची : असलेलं न दिसणं. गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि टेबलावर डोकं टेकलं. त्यांना चुरी सरांचा गळा सापडला होता.

त्यानंतर ते जे काही वाचत ते त्या गळ्यासाठी वाचत. प्रश्न त्यांनी घासूनपुसून तयार केला होता. सर, राज्यात दहावीला सोळा-सतरा लाख मुलं बसतात, लाखात एक अशी गोष्ट सतरा लाखांत किती वेळा घडेल? भर सभेत विचारायचा. आवाज चढवायचा नाही, विद्यार्थ्याने शंका विचारावी तसा विचारायचा, आणि मग त्या कललेल्या मानेकडे बघत राहायचं. रात्री नव्हे, दिवसाढवळ्या, शेळ्यांना पाला टाकताना, न्हाव्याकडे खुर्चीत बसलेले असताना ते ही सभा बघत. कधी सर गडबडून माईक खाली ठेवत, कधी त्यांना घाम फुटे, कधी पुढच्या रांगेतला कुणीतरी उठून म्हणे, गुरुजी म्हणतात ते बरोबर आहे. एकदा तर गुरुजी चिखल्याला जाऊन आले होते, सरांच्या वाडीपर्यंत. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. समुद्राचा वारा होता, वाडीत चिकू लगडलेले होते, कुंपणाआत कुणीच नव्हतं. त्यांनी हात घालून एक कच्चा चिकू तोडला. तोडल्याबरोबर देठातून चीक आला आणि बोटांना चिकटला. एवढाच त्यांचा त्या दिवसाचा सूड. परतीच्या गाडीत ते दोन बोटं एकमेकांपासून सोडवत बसले होते, आणि स्वतःचीच इतकी शरम वाटत होती की खिडकीबाहेर बघवेना.

घरी बायकोचं, रखमीबाईंचं, वेगळंच चाललेलं असे. धरणी हलायला लागल्यापासून त्या कुठलाही आवाज झाला की अंगणात पळत. रेतीचा ट्रक गेला तरी पळत. दिवसात चार-चार वेळा. गुरुजी एकदा म्हणाले की अगं, दहांतल्या नऊ वेळा तर ट्रकच असतो. त्या अंगणातूनच म्हणाल्या, "असूंदे ट्रक. बाहेर यायला माझं काय जातंय?" गुरुजींच्या हातातला पेला तसाच राहिला. पुस्तकात इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. खोट्या हाकेला धावणाऱ्याचं काही जात नसेल तर त्याने खुशाल धावावं. रखमी धावते तेव्हा तिचे तिचे पाय दुखतात. चुरी धावले तेव्हा त्यांच्या पायाला काय झालं? ते दर वर्षी नवी शाल पांघरतात आणि पायाखाली जमनाची पाच वर्षं. गुरुजींना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवलं. मग थोड्या वेळाने तो कागद फाडला. कारण चांगलं वाक्य सुचलं की त्यांच्या मनात दुसरं एक वाक्य वर यायचं, आणि ते वर येऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप होता.

ते दुसरं वाक्य त्यांनी दोन हजार पंधरात पाहिलं होतं. माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्यांनी पाचही पेपरच्या झेरॉक्स मागवल्या. पाकीट आलं तेव्हा घरात कुणी नव्हतं. प्रश्न असा होता : साठ मीटर लांबीच्या सरळ रस्त्याच्या कडेला, दोन्ही टोकं धरून, दर पाच मीटरवर एक खांब आहे. पहिल्या खांबापाशी चार रोपं, पुढच्या प्रत्येक खांबापाशी आधीच्यापेक्षा दोन जास्त. एकूण रोपं किती? खांब तेरा, रोपं दोनशे आठ. पाचही मुलांनी खांब बारा धरले होते आणि उत्तर एकशे ऐंशी काढलं होतं. आणि पाचांनीही, पाच वेगवेगळ्या अक्षरांत, लिहिलं होतं : "जितकी अंतरे तितके खुंट." प्रश्नात खांब होते. उत्तरात खुंट. तो शब्द कुठून आला हे गुरुजींना कुणाला विचारावं लागलं नाही. खळं गोल होतं. त्याच्या कडेने त्यांनी स्वतः कुडाचे बारा खुंट ठोकले होते, मुलांना त्यांच्याभोवती फिरवलं होतं, मोजायला लावलं होतं, आणि म्हणाले होते, लिहून घ्या, जितकी अंतरे तितके खुंट. गोलात ते खरंच होतं. सरळ रस्त्याला दोन टोकं असतात हे त्यांना त्या संध्याकाळी सुचलंच नाही. सुचलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्यांनी सांगितलं नाही आणि पाच मुलांनी आपल्या गुरुजींवर इमानाने विश्वास ठेवला. पेपर त्यांनी परत पाकिटात घातले. उद्याच पत्र लिहायचं ठरवलं, की हे वाक्य मी शिकवलं. उद्याचा परवा झाला. निवृत्तीला एक वर्ष होतं. पाड्यात लोक म्हणत, लाहू गुरुजी होते म्हणून आमची पोरं गणिताला बसली. हळूहळू पाकीट ट्रंकेच्या तळाशी गेलं आणि वर संख्याशास्त्राची पुस्तकं आली. चुरींचा राग करायला त्यांना कधीच कष्ट पडले नव्हते, पण त्या दिवसापासून तो राग त्यांना लागू लागला, जसा काहींना तंबाखू लागतो.

फ्लेक्स पाहिला त्याच संध्याकाळी त्यांनी जमनाला कारखान्याच्या फाटकाशी, जेवणाच्या सुट्टीत गाठलं. तिला सूडबिड नको होता. तिला पत्र हवं होतं. नर्सिंगच्या फॉर्मवर एक रकाना होता, परीक्षेतील गैरप्रकाराबद्दल कधी शिक्षा झाली आहे काय? गेल्या वर्षी तिने खरं ते लिहिलं आणि फॉर्म परत आला. यंदा तिथल्या कारकुनाने सांगितलं की ज्याने आरोप ठेवला त्यानेच लेखी मागे घेतला तर विचार होईल, शुक्रवारच्या आत आण. ते कुठे राहतात ते आधीच सांगितलं असतंत तर मी चिखल्याला जाऊन त्यांच्या पाया पडले असते, असं ती सरळपणे म्हणाली. पाया पडायचं नाही, गुरुजी म्हणाले, तू नुसती रविवारी ये आणि बघ. त्यांच्या आवाजात काहीतरी नवं होतं म्हणून तिने एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, येते, पण तीनला पाळी आहे.

सभागृहात खुर्च्या भरत होत्या. प्रितेश नावाचा चुरी सरांचा पुतण्या माईक तपासत होता, हॅलो हॅलो. गुरुजींनी मधल्या रांगेत, उठायला सोपी अशी कडेची खुर्ची धरली, शेजारी जमना बसली. तेवढ्यात बाजूच्या दारातून चुरी सरच बाहेर आले, एकटे, हातात पाण्याची बाटली, आणि सरळ त्यांच्यापाशी येऊन थांबले. फ्लेक्सवरच्यापेक्षा माणूस लहान होता. कानात यंत्र होतं. "तुम्ही वेवजीचे ना? करबट गुरुजी. त्या दिवशी झाडाखाली बसला होतात. मी खिडकीतून पाहिलं होतं." गुरुजी सवयीने उठून उभे राहिले, आणि उभे राहिल्याचा त्यांना राग आला. सरांनी दोघांना आतल्या लहान खोलीत नेलं. जमनाने उभ्याउभ्याच कारकुनाचं म्हणणं सांगितलं, कुठेही न अडखळता. सर ऐकत होते, मान कलती करून. गुरुजींना वाटलं, हा तिच्या पत्राचं बोलून मोकळा होईल, मग सभेत विचारायला काही उरणार नाही. पाच वर्षं घासलेला प्रश्न त्यांच्या तोंडून तिथेच बाहेर पडला, ठरवलेल्या आवाजात नाही, फाटक्या.

"सर, सतरा लाखांत लाखात-एक गोष्ट किती वेळा घडेल?"

चुरी सर चमकले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला, बऱ्याच दिवसांनी आपल्या विषयाचं कुणी भेटावं तसा. "सतरा वेळा," ते म्हणाले. "पण ती सतरा प्रकरणं राज्यभर विखुरलेली असतील, गुरुजी. एकाच पाड्यात, एकामागोमाग एक बसलेली नसतील. योगायोग नव्हता, एवढं माझं बरोबर होतं. त्याच्या पुढे मी जी उडी मारली ती चुकली. योगायोग नाही म्हणजे कॉपी, असं मी धरलं. मध्ये आणखी कितीतरी गोष्टी असू शकतात, त्या मी विचारल्याच नाहीत. तेवीस शाळांचे पेपर होते, घाई होती, आणि पकडल्याचा आनंदही होता, खोटं कशाला बोलू. हे मी आज माईकवर सांगायला तयार आहे. पत्रही देतो. पण नुसतं चुकलो म्हटलेलं कुणी ऐकणार नाही. ते विचारतील, मग पाच जणांना ते वाक्य आलं कुठून? मीही तेच पाच वर्षं विचारतोय."

बाहेर प्रितेश कुणाला तरी पुढे बसायला सांगत होता. गुरुजींनी खाली पाहिलं. फरशीवर चुन्याचे पांढरे थेंब पडलेले होते. हवा तो सूड समोर ताटात वाढून ठेवला होता, माणूस स्वतःच्या तोंडाने, भर सभेत, शाल अंगावर घेऊन कबूल व्हायला तयार होता. काय माहीत, एवढं म्हटलं की झालं. पोरांनी कुठल्या गाईडमध्ये वाचलं असेल म्हटलं तरी चाललं असतं. त्यांनी तोंड उघडलं. "मला काय..." ते म्हणाले, आणि पुढचा शब्द आलाच नाही. सर वाट बघत होते. ती कलती मान, जिचा त्यांनी इतकी वर्षं द्वेष केला होता, ती दुसरं काही नव्हती, ऐकू कमी येणाऱ्या माणसाची सवय होती.

"खळ्यावर शिकवलेलं आम्हाला," जमना म्हणाली. "गोल खळं आहे गुरुजींचं. कडेने खुंट हायेत."

सरांनी तिच्याकडे, मग गुरुजींकडे पाहिलं. टेबलावरच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे त्यांनी पेनाने एक गोल काढला, त्यावर टिंबं दिली, पेनाच्या टोकाने मोजली. "गोलावर बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. त्यांच्या त्या आवाजातली कीव गुरुजींना कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागली. त्यांना वाटलं, या माणसाने ओरडावं, पाच वर्षं तोंड शिवून का बसलात असं विचारावं, म्हणजे निदान आपल्याला परत ओरडता येईल. सर ओरडले नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, तुम्ही आधी लिहा, त्याच्या खाली मी लिहितो. गुरुजींनी लिहिलं. चाळीस वर्षं फळ्यावर वळवलेल्या त्याच अक्षरात. सदर वाक्य मी, लाहू जान्या करबट, माझ्या घरी विद्यार्थ्यांना चुकीच्या रीतीने शिकवले. विद्यार्थ्यांनी कॉपी केलेली नाही. ही गोष्ट मला सन २०१५ पासून माहीत होती. शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते लिहिताना त्यांना चुरींना मारायचं जे सुख हवं होतं त्यातलंच काहीसं सुख झालं, फक्त मार भलत्याच पाठीवर पडत होता. जमनाने कागद उचलला, शिक्षक वही तपासतो तसा वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीवर ती थांबली का, ते त्यांना दिसलं नाही. ती म्हणाली, "तारीख राहिली, गुरुजी."

सरांनी खाली सहा ओळी लिहिल्या, सही केली. प्रितेश दारात आला, काका चला, पाहुणे आले. सर जाता जाता म्हणाले, तुम्ही पण चला स्टेजवर, दोघं मिळून सांगू. गुरुजींनी मान हलवली. हो की नाही ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं, कारण सर गेले आणि ते तिथेच बसले. माईकवरून सरांचा आवाज येऊ लागला. ते खरोखरच सांगत होते, वेवजीच्या पाच मुलांचं, स्वतःच्या घाईचं. सभागृहात अगदी शांत झालं होतं. याच शांततेसाठी गुरुजी पाच वर्षं जगले होते. मग सर म्हणाले की त्या मुलांचे शिक्षकही इथे आहेत आणि त्यांनी आज फार मोठं मन दाखवलं, आणि टाळ्या वाजल्या. गुरुजी उठले आणि मागच्या दाराने रस्त्यावर आले, कागद घेऊन जमनाही आली.

झेरॉक्सच्या दुकानात गर्दी नव्हती. दुकानदाराने किती काढू विचारलं. फॉर्मला एक, आपल्याला एक, असं गुरुजी मनात मोजत होते, तोवर जमना म्हणाली, "पाच काढा. सुनिलला पाठवायचीय. चिमणचा पत्ता काढते." यंत्राच्या झाकणाखालून हिरवा उजेड सरकत गेला. गुरुजींनी तिच्याकडे न बघता विचारलं की तुला कधीपासून माहीत होतं.

"चौकशीलाच कळलं. साहेबांनी पाची पेपर टेबलावर मांडले, तेव्हा. सुनिल पहिला आत गेलेला. तो बाहेर येऊन आमच्या कानात बोलला, गुरुजींचं नाव नाय घ्यायचं, दोन वर्षं राहिलीत त्यांची नोकरीची."

पहिला कागद बाहेर आला. मग दुसरा.

"रागवायचं तरी माझ्यावर," ते म्हणाले. "एक शब्द बोलायचा."

जमनाने कागद एकावर एक ठेवून कडा सारख्या केल्या. "रागावले होते ना. दोन वर्षं तुमच्या घरापुढनं गेले नाय मी. नदीकडनं फिरून जायचे पाण्याला." तिने पिशवीची चेन लावली. "तुम्ही ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेले असायचे. तुम्हाला कळलं पण नाय."